मागच्या रांगेतला सोफा

गायकवाड मॅडमनी मला मारलेली पहिली हाक अशी होती: "अहो सावंत, तो सोफा उचला."

इतिहास विभागात रुजू होऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात नवंकोरं ओळखपत्र. विभागाचं जाहीर व्याख्यान होतं, दिल्लीहून मोठे विद्वान आले होते, आणि सभागृहात पहिल्या रांगेत मान्यवरांसाठी दोन लाल सोफे मांडले होते. मला वाटलं, जरा सरळ करायचे असतील. मी एक टोक धरलं. मॅडमनी साडीचा पदर खोचून दुसरं टोक धरलं आणि म्हणाल्या, "चला. मागे."

"मागे म्हणजे?"

"शेवटच्या रांगेत. दाराजवळ."

"मॅडम, कुलगुरू येणार आहेत."

"येऊ देत की. वेळेवर आले तर त्यांनाही मिळेल सोफा."

कुलगुरू वेळेवर आले नाहीत. ते आले तेव्हा दोन्ही सोफ्यांवर पहिल्या वर्षाची पोरं पाय पसरून बसली होती. कुलगुरूंना पुढे प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली, आणि ती मेली दर हालचालीला करकरत होती. माझी पाचावर धारण बसली. प्रोबेशनवरचा माणूस मी, आणि सोफ्याचं एक टोक माझ्या हातात होतं हे अख्ख्या सभागृहाने पाहिलेलं. मॅडम मात्र मागे भिंतीला टेकून खजूर खात उभ्या होत्या.

व्याख्यान संपलं. टाळ्या झाल्या. आता आभार आणि चहा, असं मी मनात म्हणतोय तोवर मॅडमनी माईक घेतला. "मागच्या रांगेला विचारू या. काय समजलं?"

सोफ्यावरून एक मुलगी उठली. ओढणीशी चाळा करत म्हणाली, "खरं सांगू का मॅडम? काहीच नाही."

हशा झाला. मॅडम हसल्या नाहीत. "बसा. तुमचं काही चुकलेलं नाही," असं तिला म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. "सर, दहा मिनिटं आहेत. पुन्हा सांगता?"

आता हा माणूस तडक विमानतळ गाठणार, अशी माझी खात्री झाली. पण त्यांनी कागद बाजूला ठेवले, टेबलाच्या पुढे आले, आणि असं काही सांगितलं की आधीची चाळीस मिनिटं मी काय ऐकत होतो हा मलाच प्रश्न पडला.

तर अशा गायकवाड मॅडम. बेताची उंची, कॉटनची साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला एक भलीमोठी पिशवी. विभागात गुच्छ, शाल, नारळ, दीपप्रज्वलन सगळं बंद. बॅनरवर फक्त विषय आणि वेळ. कुणाचा फोटो छापला तर स्वतः कात्रीने कापायच्या. विद्यार्थ्यांना अहोजाहो, शिपायाला अहोजाहो, आणि चिडल्या की आवाज चढायच्या ऐवजी खाली जायचा. चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या की आम्ही समजायचो, आता कुणाची तरी धडगत नाही. व्हॉट्सॅपवर कुणी 'नोटेड मॅडम' असं पाठवलं तर लगेच फोन यायचा: "काय नोट केलंत ते सांगा बघू."

आणि त्यांचा तो नियम! त्या नियमाने आमच्या नाकी नऊ आणले होते. विभागातलं कुठलंही नवं संशोधन समितीपुढे जाण्याआधी, ते ज्या माणसांवर लिहिलंय त्यांच्यापुढे मोठ्याने वाचायचं. त्यांच्या गावात, त्यांच्या हॉलमध्ये, दारं उघडी ठेवून. आणि ज्याच्या घरची गोष्ट असेल तो माणूस 'काढा' म्हणाला, की काढायची. वाद घालायचा नाही, अपील नाही. बाकीच्या विभागांत संशोधन म्हणजे पीपीटी आणि बिस्किटं. आमच्याकडे सतरंज्या, स्पीकर, टेम्पो आणि तो लाल सोफा. हो, सोफासुद्धा! गावातही शेवटच्या रांगेत सोफा हवाच. "मागे बसणारा माणूस घाबरून मागे बसतो, सावंत," मॅडम म्हणायच्या. "त्याला निदान पाठ तरी टेकू दे."

या नियमाचा सगळ्यात मोठा फटका बसला निलेश भोईरला. निलेश बोनकोडे गावचा. घर गावात, भोवती कोपरखैरण्याचे टॉवर. आपल्याच गावाच्या जमिनी सरकारने नव्या शहरासाठी घेतल्या त्या दिवसांवर त्याने प्रबंध लिहिला होता. त्यातलं एक प्रकरण म्हणजे हिरा होता हो. जमिनीसाठी सगळं गाव रस्त्यावर उतरलं त्या दिवशी एक माणूस घराला आतून कडी लावून बसून राहिला. गावाने त्याला वाळीत टाकलं नाही, पण मरेपर्यंत त्याच्याशी कुणी धड बोललंही नाही. त्या एका माणसाच्या भीतीतून निलेशने अख्ख्या गावाची भीती उभी केली होती. मी ते वाचून रात्री बायकोला सांगितलं.

देवळाच्या हॉलमध्ये वाचन झालं. निलेशचा आवाज लागला होता, माणसं डोळे पुसत होती. मॅडमनी मागच्या रांगेला विचारलं तेव्हा सोफ्यावरून निलेशचीच एक लांबची चुलती उठली. घरात बसून राहिलेला तो माणूस तिचा सासरा.

"लय चांगला लिवलास रं," ती म्हणाली. "पन माजे सासऱ्याचा तुजे पुस्तकान नको. ता आमचे घरचा हाय. काढ."

निलेश रडकुंडीला आला. "मॅडम, अख्ख्या गावाला माहिती आहे ही गोष्ट! माझ्या थिसिसचा जीव आहे त्यात."

"जीव त्यांच्या सासऱ्यांचा गेलाय," मॅडम म्हणाल्या. आवाज इतका खाली की पुढच्या रांगेलाच ऐकू आला. "काढा."

निलेशने काढलं. डॉक्टरेट मिळाली, पण सहा महिने तो मॅडमशी बोलला नाही. कॉरिडॉरमध्ये समोर आल्या तर हा मोबाईलमध्ये डोकं घालायचा. मॅडम आपल्या रोज त्याला नमस्कार करायच्या. कंटाळून शेवटी तोच बोलायला लागला.

आता सुलुताईंबद्दल सांगायला हवं. मॅडमच्या थोरल्या बहीण. ही मंडळी मूळची कोकणातली. वडील पावणे गावातल्या कारखान्यांत कामाला आले आणि गायकवाडांची पोरं त्या धुरातच वाढली. आता सुलुताई खांदेश्वर स्टेशनबाहेर पोळीभाजी केंद्र चालवतात. मी तिथेच राहतो, त्यामुळे आमच्या घरच्या पोळ्या त्यांच्याकडच्याच. पाटी कसली टापटीप, समोर रांग, आणि आत या बाई गर्जत असतात. कधी सवड मिळाली तर मॅडमसाठी डबा घेऊन थेट विद्यापीठात, विभागाच्या चौथ्या मजल्यावर यायच्या आणि लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या हाक: "वच्छे!" ज्या बाईपुढे कुलगुरू करकरत बसले, तिला 'वच्छे'! आमच्या विभागात अशी हाक ऐकण्याची मजा काही औरच होती. सुलुताईंच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. लहानपणी गावी कोयता लागला, असं आम्ही ऐकून होतो. पोळ्या लाटताना हात बाहेर, पण एरवी तो कायम पदराखाली.

मॅडमचं स्वतःचं संशोधन बरीच वर्षं चाललं होतं: पावण्याच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या पहिल्या बायका. सुट्टीच्या दिवशी बूट घालून त्या गल्लोगल्ली फिरायच्या, जुन्या कामगार बायकांपुढे बसून ऐकत राहायच्या. त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले तेव्हा पुस्तक तयार झालं. निवृत्त माणसाचं पुस्तक आमचं विद्यापीठ छापत नाही, त्यामुळे आत्ता नाही तर मग नाहीच. छपाईची मंजुरी आली, प्रकाशनाची तारीख ठरली, कुलगुरूंनी एका मंत्र्यांना बोलावलं. त्याआधी मॅडमनी मला हस्तलिखित वाचायला दिलं.

शेवटच्या प्रकरणाचं नाव 'एक मुलगी'. धाकट्या बहिणीला शिकता यावं म्हणून शाळा सोडलेली एक मुलगी. वय चौदा, बापाने कामावर सांगितलं अठरा. एका वर्कशॉपात प्रेस मशीनवर तिचं बोट गेलं. वय उघडं पडेल म्हणून मालकाने आणि बापाने मिळून ठरवलं: कोयता लागला असं सांगायचं. आणि त्या मुलीने जन्मभर तो हात लाजेने पदराखाली झाकून ठेवला. बाकीचं पुस्तक चांगलं होतं, पण उभं होतं ते या प्रकरणावर.

मी दुसऱ्या दिवशी हस्तलिखित परत द्यायला मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. तेवढ्यात निलेश आत आला. तो आता आमच्याकडेच शिकवत होता. त्यानेही वाचलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचा नियम तुम्हालाही लागू आहे ना?"

त्यात थोडा जुना हिशेब होता, नाही कशाला म्हणू? पण प्रश्न बरोबर होता. मॅडमनी चष्मा काढला.

"वाचन पावणे गावातच ठेवलंय," त्या म्हणाल्या. "विहाराच्या हॉलमध्ये. ताईला तिच्या मैत्रिणींसकट बोलावलंय. प्रकरणात नाव नाही, त्यामुळे कळलं तर तिलाच कळेल. ती 'काढ' म्हणाली तर काढणार."

"पण मॅडम, ते काढलं तर पुस्तकात उरतं काय?" मी म्हटलं. "त्यापेक्षा आधी घरी गुपचूप विचारा ना त्यांना. तुम्हाला नाही म्हणणार नाहीत त्या."

"म्हणूनच घरी विचारायचं नाही. माझ्यासाठी ती कशालाही हो म्हणेल, आयुष्यभर तेच केलंय तिने. मैत्रिणींत बसली की ती स्वतःचं बोलते."

"मुलाखत घेतलीत तेव्हा काय म्हणाल्या होत्या?"

मॅडम काच पुसत राहिल्या. "मुलाखत बाकीच्या बायकांची घेतली. ताईचं मला माहितीच होतं की."

मी तेव्हा मान डोलावली. घरच्या माणसाचं आपल्याला माहीत असतं, असं मलाही वाटतच होतं.

रविवारी सकाळी निलेश आपल्या काकांच्या टेम्पोत सोफा घालून पावण्याला घेऊन आला. हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, जय भीम, जय भीम, चहाचे कागदी कप. सुलुताई आल्या त्या लवाजमा घेऊनच. वर्कशॉपातल्या जुन्या मैत्रिणी बरोबर, सगळ्या मिळून सोफ्यावर आणि सोफ्याच्या हातांवर. वर पंखा गरगरत होता. सुलुताईंनी बसल्याबरोबर डावा हात पदराखाली घेतला. मी मुद्दाम बघत होतो.

मॅडमनी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. वर्गात बोलताना त्यांना कधी कागद लागला नाही, त्या दिवशी कागद डोळ्यांपासून हलला नाही. मशीनचा प्रसंग आला तेव्हा सोफ्यावरच्या एका बाईने सुलुताईंच्या मांडीवर हात ठेवला. म्हणजे तिला माहीत होतं. वाचून झालं. मॅडमनी कागद जुळवून टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "मागच्या रांगेला विचारते."

सुलुताई उठल्या. निलेश माईक घेऊन धावला, त्यांनी तो बाजूला सारला. त्यांना कसला माईक लागतोय!

"ती पोरगी मी," त्या म्हणाल्या आणि पदराखालचा हात काढून वर धरला. "हे बघा. कोयता-बियता काय नाय. प्रेस मशीन."

हॉलमध्ये कुजबुज उठली. मॅडमनी टेबलाची कड धरली.

"आता हिने लिवलंय ते. मशीनचं बरोबर. मालकाचं बरोबर. आमच्या आबांनी खोटं बोलायला लावलं ते पण बरोबर. मला त्याचा राग आहे, आजपण आहे. त्यातला एक शब्द काढायचा नाय." मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर त्या पुढे म्हणाल्या, "आणि बाकीचं सगळं खोटं."

"ताई..." मॅडम म्हणाल्या.

"थांब. मागच्या रांगेला विचारलंस ना? मग ऐक. मी हिच्यासाठी शाळा सोडली म्हणे! अगं, मला शाळा आवडायचीच नाय. गणिताच्या बाई दिसल्या की पोटात गोळा यायचा. कंपनीत या सगळ्या होत्या. एकमेकींचे डबे खायचो, मशीनच्या आवाजात बोंबलून गाणी म्हणायचो. पहिल्या पगाराला स्वतःच्या पैशाने बांगड्या घेतल्या मी. त्याग म्हणे! कसला डोंबलाचा त्याग?"

सोफ्यावरच्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "हिच्याएवढी खोडकर कुणी नव्हती!"

"आणि लाजेने हात झाकते? येडी का काय तू? पंख्याखाली ठणकतो तो! एसीत तर जीव जातो."

आता सगळा हॉल हसत होता. निलेशसुद्धा. मॅडम हसत नव्हत्या. सुलुताईंनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. बहिणीबहिणींत आवाज खाली जायची सवय सारखीच होती म्हणायची.

"एवढ्या बायकांना विचारत फिरलीस, वच्छे. उन्हातान्हात. माझ्याकडे तर तू रोज जेवायला येतेस. मला एकदा विचारावंसं नाय वाटलं?"

कुणीच हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. मग माईकजवळ येऊन म्हणाल्या, "मागच्या रांगेचं म्हणणं मान्य आहे. हे प्रकरण मी मागे घेते."

"मागे नको घेऊ," सुलुताई बसता बसता ओरडल्या. "नीट लिही. आणि 'एक मुलगी' काय? सुलोचना नाव आहे माझं. घाल."

परतीच्या टेम्पोत मी मॅडमना खूप समजावलं. चार वाक्यं बदलली की झालं, मी टाइप करून देतो, सोमवारी छपाईला जाईल. तारीख ठरलीय, मंत्री येतायत, तुमची एवढ्या वर्षांची मेहनत आहे. माझा अगदी जीव तुटत होता हो. मॅडम सोफ्यावर बसून मागे जाणाऱ्या कारखान्यांकडे बघत होत्या.

"चार वाक्यांची चूक नाही ती, सावंत. ते प्रकरणच नव्हतं. तिने न मागितलेली माफी मी मागत बसले होते, आणि त्याला संशोधन म्हणत होते. पोरांना मी काय काय काढायला लावलं, आठवतंय ना?"

निलेश पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याने मान वळवली नाही, पण काच खाली केली आणि ऐकत राहिला.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी कुलगुरूंना जाऊन सांगितलं, पुस्तक छापू नका. मंत्र्यांना नकार कळवताना कुलगुरूंची काय अवस्था झाली ते त्यांनाच माहीत. दुसरी कुणी असती तर हातपाय गाळून बसली असती. मॅडम उरलेल्या महिन्यांत एकही तास चुकल्या नाहीत. पुस्तकाविना निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला कुणीतरी त्यांच्यासाठी सोफा पहिल्या रांगेत मांडला होता. आल्या, बघितलं, आणि माझ्याकडे वळल्या. मी न सांगता एक टोक उचललं. दुसरं टोक धरायला निलेश आला.

जाताना जिन्यात मी त्यांना विचारलं, कारण ते मला छळत होतं. "मॅडम, ताईंना खरंच शाळा आवडत नव्हती? की तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून त्या तसं बोलल्या?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मग बुटाची नाडी बांधत म्हणाल्या, "आता विचारते की. घाई कुठे आहे?"

त्यानंतर मॅडम मला दिसल्या त्या परवा. दुपारची वेळ, बायकोने पोळ्या आणायला पाठवलं होतं. केंद्रासमोर रांग नव्हती. आत मॅडम एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या, गुडघे पोटाशी, पायांत तेच कॅनव्हासचे बूट. पिठाच्या डब्यावर मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. सुलुताई लाटत होत्या. दोघींचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"शाळा सोडलीस त्या दिवशी घरी येऊन काय केलंस, ताई?"

"काय करणार? जेवले."

"आणि?"

लाटणं चालू होतं. "आणि दप्तर तुझ्या खांद्याला अडकवून बघितलं. मोठं होत होतं तुला. मग पट्टा आवळून दिला."

"मग?"

"मग तू दप्तर घेऊन घरभर नाचलीस."

"मी नाही विचारत माझं. तू काय केलंस?"

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली, बसली, करपायला लागली. सुलुताईंनी गॅस बंद केला तेव्हा त्यांना मी दिसलो.

"सावंत सर, पोळ्या संध्याकाळी न्या हो. आता आमचं काम चाललंय," त्या म्हणाल्या, आणि पिठाच्या हातानेच शटर अर्धं खाली ओढलं.

मला मॅडमचे फक्त बूट दिसत होते. मी निघालो. मागून त्यांचा आवाज आला, खूप खाली गेलेला, पण तो चिडका आवाज नव्हता.

"सांग ना, ताई. मी ऐकतेय."